ट्रेंटनला जाऊन तीन मिनिटं बोलायचं कसं (न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी)

लेक रात्री साडेदहाला घरी आला, मी पोहे गरम करून पुढ्यात ठेवले आणि तो खाता खाता सहज म्हणाला, आई आज पोलिसांनी अडवलं होतं. का, तर मागचा एक लाइट बंद होता. बरं मग? मग ऑफिसरने विचारलं ट्रंक बघू का, आणि आमच्या गुणी बाळाने 'हो बघा ना' म्हटलं. ट्रंकमध्ये क्रिकेटचं किट, दोन बॅटी आणि तीन आठवडे कुजत पडलेला टॉवेल. ऑफिसरने एक बॅट हातात घेऊन उलटसुलट केली, मग वास आला असावा, ट्रंक धाडकन बंद केली आणि तिकीट न देता सोडून दिलं. नवरा म्हणाला चला, सुटला, विषय संपला. मला मात्र झोप लागेना, कारण पोहे संपता संपता पोरगा अजून एक गोष्ट बोलून गेला होता. शेजारच्या सीटवर त्याचा मित्र बसला होता, काळा मुलगा, गाडी चालवत नव्हता की काही नाही, पण ऑफिसरने माझ्या मुलाला प्रश्न विचारले दोन आणि त्याला दहा. कुठे राहतोस, कुठून आलास, खिशात काय आहे.

मी वकील नाही, आयटीतली आहे, जन्म सांगलीचा आणि गेली सोळा वर्षं सेंट्रल जर्सीत. पण त्या रात्रीनंतर ट्रेंटनला, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीला, सात-आठ फेऱ्या झाल्या, दोनदा तिथल्या विधिमंडळाच्या (लेजिस्लेचरच्या) कमिटीसमोर बोलले, त्यातल्या एकदा पार फजिती झाली. मंडळाच्या गणपतीत प्रत्येक जण विचारतो की तू तिकडे नक्की करतेस काय, आणि आरती सुरू व्हायच्या आत ते सांगून होत नाही, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहिते.

आधी डोक्यातून वॉशिंग्टन काढा. आपण सगळे टीव्हीवर तिकडचं बघून बीपी वाढवून घेतो, पण गाडी अडवणारा पोलीस, ज्या कोर्टात उभं राहायचं ते कोर्ट, तुरुंग, मुलांचा अभ्यासक्रम, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार यादीत कोण असणार आणि कोण नाही, यातलं बहुतेक सगळं राज्याच्या हातात. राज्याला स्वतःची घटना आहे हे मला इथे दहा वर्षं राहूनही माहीत नव्हतं, आणि न्यू जर्सीची घटना कितीतरी ठिकाणी देशाच्या घटनेपेक्षा जास्त हक्क देते. माझं आवडतं उदाहरण कचऱ्याचं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्याच्या कडेला ठेवलेली कचऱ्याची पिशवी पोलिसांनी वॉरंटशिवाय उचकली तरी चालेल. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने हेम्पल केसमध्ये म्हटलं की आमच्या राज्यात नाही चालणार, वॉरंट आणा. म्हणजे सोमवारी रात्री तुम्ही कर्बवर जी पिशवी ठेवता ना, तिला इथे देशापेक्षा जास्त संरक्षण आहे.

ट्रंकचंही तसंच. माझी एक वकील मैत्रीण आहे, तिला दुसऱ्या दिवशी फोन केला तर ती आधी टॉवेलवर हसली आणि मग म्हणाली, अगं तो नाही म्हणू शकत होता, आणि मुळात नुसतं 'बघू का' विचारायलासुद्धा त्यांच्याकडे संशयाला काहीतरी सांगण्यासारखं कारण हवं होतं. हा कार्टी केसचा नियम, २००२ चा, न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाचाच. त्याच्याही आधी १९७५ मध्ये त्या कोर्टाने ठरवून ठेवलंय की संमती घेतली असं सरकारला म्हणायचं असेल तर समोरच्याला 'नाही म्हणता येतं' हे माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायचं. आमच्याकडे आता मुलाला पाठ करून घेतलंय: हात स्टिअरिंगवर, कागद मागितले की कागद द्यायचे, आवाज शांत, आणि 'मी सर्चला संमती देत नाही' हे एक वाक्य. तरीही त्यांनी उघडलीच तर आडवं जायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त वाक्य पुन्हा बोलायचं आणि नंतर भांडायचं. नंतर म्हणजे रस्त्यावर नाही, कागदावर. मित्राने लांबून व्हिडिओ काढला तर तो त्याचा हक्क आहे, आपलं राज्य ज्या फेडरल अपील कोर्टाच्या हद्दीत येतं त्या थर्ड सर्किटने २०१७ मध्ये तसं सांगितलंय, फक्त पोलिसांच्या कामात अडथळा यायला नको.

पण हे नियम आकाशातून नाही पडले, आणि हीच मला तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट आहे, की कुणीतरी बसून मोजलं, लिहिलं, खोलीत जाऊन बोललं म्हणून ते आले. टर्नपाइकवरून आपण रोज जातो ना, तिथलंच बघा. नव्वदच्या दशकात काळ्या ड्रायव्हरांना तिथे स्टेट पोलीस सारखे अडवायचे, सगळ्यांना माहीत होतं, पण 'माहीत आहे' याला कोर्टात काही किंमत नसते. मग बचावाच्या वकिलांनी जॉन लँबर्थ नावाच्या टेंपल युनिव्हर्सिटीतल्या मानसशास्त्रज्ञाला गाठलं आणि त्याने मोजायला माणसं बसवली. अक्षरशः रस्त्याच्या कडेला बसून किती गाड्या गेल्या आणि कितीत काळे लोक होते, आणि मग टर्नपाइकवर एका ठराविक स्पीडने गाडी चालवत कोण आपल्याला ओव्हरटेक करतंय याची नोंद. आकडा असा निघाला की काळे लोक असलेल्या गाड्या साधारण १३.५ टक्के आणि अडवलेल्यांमध्ये काळे साधारण ३५ टक्के, आणि स्पीड तर जवळजवळ सगळेच तोडत होते. १९९६ मध्ये ग्लॉस्टर काउंटीतल्या जजने सोटो केसमध्ये हे मान्य केलं. राज्य तरीही नाही-नाही म्हणत राहिलं. मग एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर स्टेट पोलिसांच्या दोन ट्रूपर्सनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या, आत बास्केटबॉलच्या कँपला निघालेले चार तरुण होते, तीन काळे आणि एक लॅटिनो, तिघांना गोळ्या लागल्या. वर्षभराने राज्याच्या अटर्नी जनरलच्याच रिपोर्टने कबूल केलं की वंश बघून अडवणं खरंच चालू आहे, आणि डिसेंबर १९९९ मध्ये फेडरल सरकारशी करार झाला, स्टेट पोलिसांवर बाहेरचे मॉनिटर बसले ते थेट २००९ पर्यंत. मोजणारी माणसं आधी नसती तर त्या रिपोर्टला पाया तरी कुठला होता सांगा.

आता तुम्ही काय करायचं. घरी बसून सुरुवात होते, कोट-बिट लागत नाही. लेजिस्लेचरच्या साइटवर आपलं गाव टाकलं की डिस्ट्रिक्ट नंबर येतो. राज्यात ४० डिस्ट्रिक्ट, प्रत्येकाचा एक सेनेटर आणि दोन असेंब्लीवाले, म्हणजे तुमच्या हक्काची तीन माणसं. नावं लिहून फ्रिजवर लावा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हेही ठाऊक नसतं की ओक ट्री रोडचा आयझेलिनचा जो भाग वुडब्रिजमध्ये येतो तिथले असेंब्लीमन क्रेग कफलिन २०१८ मध्ये स्पीकर झाले, म्हणजे असेंब्लीत कुठलं बिल मतदानाला लावायचं हे ज्या खुर्चीवरून ठरतं त्या खुर्चीचे मतदार आपण, आणि आपण तिथे फक्त कोथिंबीर आणि चकलीची भाजणी आणायला जातो. हे मेंबर पूर्णवेळ नसतात, बहुतेकांचा दुसरा उद्योग असतो, ऑफिसात दोन-तीन माणसांचा स्टाफ. तो स्टाफ फोन उचलतो. खरंच उचलतो. नाव, गाव, बिल नंबर आणि काय हवंय, एवढं दीड मिनिटात सांगा. इंटरनेटवरून कॉपी केलेली लांबलचक ईमेल पाठवू नका, अशा शंभर आल्या तरी त्यांच्या हिशोबात ती एकच.

बिल वाचायला घाबरू नका. सेनेटचं असेल तर एस आणि नंबर, असेंब्लीचं असेल तर ए आणि नंबर, आणि बहुतेक वेळा एकच मजकूर दोन्हीकडे जुळ्यासारखा फिरत असतो, दोन्ही नंबर लिहून ठेवा. मजकुरात अधोरेखित असेल ते नवीन घालतायत, चौकटी कंसात असेल ते काढतायत. शेवटी स्टेटमेंट म्हणून साध्या भाषेत सारांश असतो, पण नुसता तोच वाचून थांबू नका, मी थांबले होते आणि तोंडावर आपटले. फौजदारी कायद्याशी संबंधित बिल असेल तर अजून एक कागद शोधा: २०१८ च्या कायद्याने अशा बिलांचा कुठल्या वंशाच्या लोकांवर काय परिणाम होईल याचं निवेदन तयार करायची सोय केली आहे. तो कागद नसेल तर 'तो कुठे आहे' हा प्रश्न कमिटीत विचारायला अगदी छान.

आणि वेळ. याबाबतीत ट्रेंटनचं कॅलेंडर शेतीसारखं आहे, चुकलात तर गेलं पीक. सेशन दोन वर्षांचं, सम वर्षाच्या जानेवारीत नवीन सुरू होतं आणि जुन्यातली न झालेली सगळी बिलं त्या दिवशी मरतात. जूनअखेर बजेट, त्यामुळे मे-जूनमध्ये नुसती धावपळ आणि रात्री-अपरात्री मतदान. जुलै-ऑगस्ट शुकशुकाट, तेव्हा मेंबरला त्याच्या गावातल्या ऑफिसात निवांत भेटता येतं, आणि हा काळ लोक वाया घालवतात. विषम वर्षाच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली की जानेवारीपर्यंत लेम डक, म्हणजे जुन्या मेंबरांचे शेवटचे दिवस, तेव्हा वर्षभर झोपलेली बिलं दोन दिवसांत पळतात. कमिट्या साधारणपणे सोमवारी आणि गुरुवारी. अजेंडा काही वेळा दोन-चार दिवस आधीच कळतो, म्हणून बिलाचं नोटिफिकेशन लावून ठेवा आणि ऑफिसात बॉसला आधीच सांगून ठेवा की माझी अधूनमधून एखादी सुट्टी अचानक असेल.

जाताना ट्रेनने जा. एडिसन किंवा मेट्रोपार्कवरून नॉर्थईस्ट कॉरिडॉर, ट्रेंटन शेवटचं स्टेशन, झोप लागली तरी चुकत नाही. तिथून स्टेटहाउस पायी वीस-पंचवीस मिनिटं, सोनेरी घुमट दिसतो. सिक्युरिटीला आयडी दाखवायचं, बॅग मशीनमधून. कमिटीच्या खोल्या ॲनेक्स बिल्डिंगमध्ये.

बोलायचं असेल तर आधी साइटवर नाव नोंदवा किंवा खोलीत गेल्यावर स्लिप भरा. नाव, गाव, संस्था असली तर संस्था, बिल नंबर, बाजूने की विरोधात, आणि बोलायचंय की नुसतं मत नोंदवायचंय. नुसतं मत नोंदवलं तरी नाव रेकॉर्डला जातं, त्यामुळे ज्यांना माइक बघून घाम फुटतो त्यांनी एवढं तरी करावं. आता माझी फजिती ऐका. पहिल्या वेळी पोलिसांच्या एका बिलावर बोलायला गेले, घरून सात मिनिटांचं भाषण लिहून, त्यात पहिली दोन मिनिटं 'मी भारतातून आले, हा संधींचा देश आहे' वगैरे. सकाळी दहाची कमिटी, माझा नंबर आला पावणेएकला, तोवर थर्मासमधला चहा संपलेला, समोरचे दोन मेंबर फोनमध्ये, एक उठून बाहेर गेलेला. चेअरने आधीच सांगितलं होतं की तीन मिनिटं. मी सांगलीहून एडिसनपर्यंत पोहोचेपर्यंत दोन मिनिटं गेली, आणि ट्रंकवर यायच्या आत चेअर अगदी गोड आवाजात म्हणाला, मॅडम, तुमचं लेखी द्या, आम्ही जरूर वाचू. खाली येऊन बसले, कानाच्या पाळ्या गरम. माझ्यानंतर एक आजी आल्या, ट्रेंटनच्याच, काळ्या, सत्तरीच्या पुढच्या. हातात कागद नाही. म्हणाल्या, माझं नाव अमुक, मी इथून सहा ब्लॉकवर राहते, माझ्या नातवाला याच वर्षात चार वेळा अडवलं, तिकीट एकदाही नाही, या बिलाच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये तुम्ही 'मे' लिहिलंय तिथे 'शॅल' लिहा, थँक्यू. चाळीस सेकंद. फोनमधले दोघं वर बघायला लागले आणि एकाने तिसरा सेक्शन उघडला.

तर टेस्टिमोनी, म्हणजे कमिटीसमोर द्यायचं निवेदन, अशी लिहा. कोण आणि कुठली, एका वाक्यात. काय झालं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, तीन-चार वाक्यांत. आणि बिलातला नेमका कुठला शब्द बदलायचा. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे मनात आलं तर, निम्मे कायदे या एका शब्दावर लटकतात. घरी मोबाइलवर टायमर लावून म्हणा, दोन मिनिटांच्या वर गेलं तर कापा. लेखी प्रती घेऊन जा, त्यात हवं तेवढं लिहा. ॲक्सेंटची लाज नको, त्या खोलीत पोर्तुगीज, हैतीयन, पोलिश सगळे ॲक्सेंट येऊन गेलेले असतात. आणि आपण गुणी, शिकलेले, टॅक्स भरणारे असं पुन्हा पुन्हा सांगू नका. त्याचा अर्थ समोर असा ऐकू येतो की जे शिकलेले नाहीत त्यांना अडवलं तर चालेल. हे मला त्या आजींकडून कळलं, म्हणजे त्या काही बोलल्या नाहीत, जिन्यात मला एक पेपरमिंट दिलं आणि विचारलं, तुझ्या मुलाच्या मित्राचं काय झालं. माझ्या सात मिनिटांच्या भाषणात तो मुलगा कुठेच नव्हता.

एकटं जाण्यापेक्षा जे आधीपासून हे करतायत त्यांच्याबरोबर जा. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूची न्यू जर्सी शाखा आहे, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपीच्या गावोगाव शाखा आहेत, चर्चचे गट आहेत. पहिल्या मीटिंगला गेल्यावर लगेच सल्ले देऊ नका, खुर्च्या लावा, समोसे न्या, ऐका. मंडळातले काही काका म्हणतात की हे काळ्यांचं प्रकरण, आपलं काय. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, कारण त्यांना दोन्ही प्रश्न सारखे दिसत होते. आणि दुसरं म्हणजे १९८७. जर्सी सिटीत तेव्हा डॉटबस्टर्स नावाची टोळी होती, डॉट म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू, त्यांनी पेपरला पत्र पाठवून भारतीयांना हाकलायची धमकी दिली होती. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो गेला, आणि खटल्यात खुनाचा गुन्हा कुणावरही सिद्ध झाला नाही. तेव्हा भारतीय लोक रस्त्यावर आले आणि १९९० मध्ये राज्याने वंशद्वेषाच्या गुन्ह्यांसाठी कायदा केला.

इथे जरा थांबून एक वाकडं बोलते, कारण या विषयात लोक 'शिक्षा वाढवा' म्हटलं की टाळ्या वाजवतात. तसल्याच कायद्याखाली व्हाइनलँडमधल्या एकाला, ज्याने काळ्या कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या होत्या, जजने स्वतःच द्वेषाचा हेतू ठरवून जास्त शिक्षा दिली. ती केस अप्रेंडी नावाने वरपर्यंत गेली आणि २००० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की कमाल शिक्षेच्या वर नेणारी गोष्ट ज्युरीने ठरवायची, जजने नाही. माणूस वाईट, निकाल बरोबर, असं माझं मत आहे, आणि त्यावर आमच्या घरी नवऱ्याशी दोन वेळा जेवण थंड होईपर्यंत वाद झालेत. सांगायचा मुद्दा हा की आपल्या बाजूचं बिल असलं तरी त्यातून उद्या कुणालाही कसं धरता येईल हे वाचा, कारण वाढीव शिक्षेचा दंडुका शेवटी कुणाच्या पाठीवर पडतो हे तुरुंगात जाऊन बघितलं तर कळतं.

ट्रेंटनशिवायही दोन-तीन दारं आहेत. या राज्यात अटर्नी जनरल निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो, आणि त्याचा हुकूम राज्यातल्या सगळ्या पोलिसांना लागू होतो. गुरबीर ग्रेवाल त्या पदावर असताना नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह काढला, लोकल पोलिसांनी इमिग्रेशनवाल्यांना कितपत मदत करायची याच्या मर्यादा घातल्या, एकही बिल पास न करता. फायदा झटपट, तोटा असा की हुकूम पुढचा माणूस बदलू शकतो, म्हणून लोक कायद्याच्या मागे लागतात. उलट गावाच्या पातळीवर मर्यादा आहेत: न्यूअर्कने पोलिसांवर नागरिकांचं मंडळ नेमलं, २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मंडळ ठेवा पण साक्षी-कागद सक्तीने मागवायचा अधिकार हवा असेल तर लेजिस्लेचरने कायदा करायला हवा. म्हणजे पुन्हा ट्रेंटन.

कागद मागवायचे असतील तर ओप्रा, आपल्या माहिती अधिकाराचा इथला भाऊ. गावच्या क्लर्ककडे अर्ज, साधारणपणे कामाच्या सात दिवसांत उत्तर. 'पोलिसांबद्दलची सगळी माहिती द्या' असं लिहिलं तर नाकारतात, कुठला कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असं लिहा. २०२४ मध्ये हा कायदा बऱ्याच विरोधाला न जुमानता ढिला केला, पूर्वी कोर्टात जिंकलात की वकिलाची फी सरकारने द्यायची, आता ती बहुतेक वेळा मिळत नाही, त्यामुळे नकार द्यायला त्यांची भीड चेपलीये. तरी अर्ज करा.

स्वतःबरोबर काही झालं असेल तर १८० हा आकडा लक्षात ठेवा. नोकरीत, घर भाड्याने घेताना, दुकानात वंश-रंगावरून भेदभाव झाला तर राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांत तक्रार, सरळ कोर्टात जायचं असेल तर दोन वर्षं. ज्याच्याखाली ही तक्रार होते तो कायदा १९४५ चा आहे, देशाच्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या एकोणीस वर्षं आधीचा, आणि अजून त्यात भर पडते: डिसेंबर २०१८ मध्ये राज्यातल्याच ब्युनातल्या एका काळ्या कुस्तीपटू पोराचे ड्रेडलॉक्स (जटांसारखे केस) 'मॅच खेळायची असेल तर केस काप' म्हणत मॅटशेजारीच कापले गेले, आणि बरोबर एक वर्षाने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा सही झाला. पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं फुटेजसुद्धा १८० दिवस तरी ठेवावं लागतं, ज्याचं चित्रण झालंय त्याने वेळेत मागणी केली की तीन वर्षं. पोलिसांविरुद्ध इंटर्नल अफेअर्सकडे तक्रार कुणीही करू शकतं, निनावीसुद्धा, ती घ्यावीच लागते. काउंटरवरच्याने 'उद्या या' म्हटलं तर कोण म्हणालं, किती वाजता, हे लिहून ठेवा आणि ईमेलने पाठवा. आमच्या गावात मला हे तीनदा करावं लागलं, गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथेच राहायचंय.

एच१बी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. कमिटीत बोलायला सिटिझन असावं लागत नाही, मेंबरला फोन करायलाही नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहे, पण दिवस बरे नाहीत, म्हणून व्हिसाची भानगड चालू असेल तर आधी स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि निदर्शनात अटक होईल अशा जागी उभं राहू नका. लेखी टेस्टिमोनी पब्लिक रेकॉर्ड होते, त्यात घरचा पत्ता आणि मुलाच्या मित्राचं नाव घालू नका. आणि एमव्हीसीच्या खिडकीवर लायसन्स करताना मतदार नोंदणीचं विचारलं तर सिटिझन नसाल तर नाहीच म्हणा, चुकून सही केलीत तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी तो कागद भुतासारखा मानेवर बसतो. मॉलमध्ये पत्रकं वाटायची असतील तर न्यू जर्सीत मोठ्या मॉलमध्येही तो हक्क आहे, १९९४ चा निकाल आहे, मॉलवाले जागा-वेळेचे माफक नियम लावू शकतात पण सरसकट हाकलू शकत नाहीत. फोन करून आधी त्यांचा फॉर्म मागून घ्या.

बिल कमिटीतून सुटलं म्हणून पेढे वाटू नका. सेनेटमध्ये २१ आणि असेंब्लीत ४१ मतं लागतात, मग गव्हर्नर, आणि आमच्या गव्हर्नरला एक मजेशीर सोय आहे, कंडिशनल व्हेटो, म्हणजे 'एवढं एवढं बदला मग सही करतो'. त्या बदलांत तुमचा 'शॅल' पुन्हा 'मे' होऊन येऊ शकतो. दोन-दोन, तीन-तीन सेशन लागतात, मधे मेलेलं बिल नवीन नंबर घेऊन येतं, जुनी टेस्टिमोनी सेव्ह करून ठेवा. प्रोबेशन आणि पॅरोलवरच्या लोकांना मताचा हक्क परत द्यायला किती वर्षं लोक खेटे घालत होते, डिसेंबर २०१९ मध्ये सही झाली आणि एका फटक्यात ८०,००० हून जास्त लोक मतदार झाले.

दुसऱ्या वेळी मी एक मिनिट पन्नास सेकंदांत आटपलं, आणि या वेळी मित्राला विचारलेल्या दहा प्रश्नांपासूनच सुरुवात केली. एका मेंबरने उलट प्रश्न विचारला, म्हणजे ऐकत होता. हां, आणि स्लिपवर नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा, शक्य झालं तर उच्चार कंसात. माझं आडनाव चेअरने तीन वेगळ्या प्रकारे पुकारलं, मी तिसऱ्या वेळी उठले, तोवर माझ्या खुर्चीमागचे एक पटेलकाका आपल्यालाच बोलावलं समजून माइकपर्यंत पोहोचले होते.